थकीत कर : खाते गोठण्याआधीच्या तीस दिवसांविषयी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च जवळ आला की सांगलीच्या मार्केट यार्डात, कुपवाड आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत एकच तक्रार कानावर येते : ‘काही कळवले नाही आणि एकदम खाते गोठवले.’ वाचकांच्या पत्रांतूनही हाच सूर असतो. तो सगळा खोटा नाही. पण बँक खात्यावर टाच येते तेव्हा सहसा त्याआधी तीन-चार पत्रे निघालेली असतात. ती करदाता बघत नाही अशा ठिकाणी पडून राहतात आणि हातातली मुदत निघून जाते. करवसुलीच्या कायद्यात थकबाकीदाराला सवलती बऱ्याच आहेत, पण जवळपास सगळ्या वेळेत तोंड उघडणाऱ्यालाच मिळतात. ही बाजू फारशी बोलली जात नाही, म्हणून हे पत्र.

पत्रे पडून कुठे राहतात? आयकराच्या पोर्टलवर रिटर्न भरताना जो ईमेल आणि मोबाईल दिला, तिथे. बऱ्याच जणांच्या बाबतीत तो रिटर्न भरून देणाऱ्याचा असतो. पुढे तो माणूस बदलतो आणि नोटिसा जुन्याच ईमेलवर जात राहतात. विटा, खानापूर, आटपाडीकडच्या गलाई व्यावसायिकांचे, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांचे, तर आणखी वेगळे. दुकान कुठेतरी दक्षिणेत, पॅनवरचा पत्ता गावाकडचा. पोस्टमन घरी असलेल्या म्हाताऱ्या आईच्या हातात पाकीट ठेवतो आणि ते देव्हाऱ्यामागे जाते. साताऱ्याहून मुंबईला कामाला गेलेल्यांचीही तीच गत. कायद्याच्या दृष्टीने पॅनवरच्या किंवा रिटर्नमधल्या पत्त्यावर, ईमेलवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असेच धरले जाते. तेव्हा आजच पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमधला ईमेल व मोबाईल स्वतःचा आहे का ते बघावे आणि पॅनवरचा पत्ता वेगळा अर्ज करून बदलून घ्यावा. पोर्टलवर पत्ता बदलला म्हणून पॅनवरचा आपोआप बदलतो असे समजू नये.

पत्र आले तर आधी ते खरे आहे का हे तपासावे. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डिन, असावा लागतो. पोर्टलच्या पहिल्या पानावर, लॉगिन न करताही, तो क्रमांक टाकून नोटीस पडताळता येते. कर फक्त पोर्टलवरून तयार केलेल्या चलनाने भरायचा असतो. फोनवर यूपीआय क्रमांक सांगून ‘आत्ता भरा, नाहीतर अटक’ म्हणणारा माणूस विभागाचा नसतो, एवढे घरातल्या पेन्शनरांना जरूर सांगून ठेवावे.

पत्र खरे निघाले तर लॉगिन करून ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडावे. तिथे वर्षवार मागण्या दिसतात. लहान करदात्यांच्या मागण्या बहुतेक बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राने कलम १४३(१) खाली काढलेल्या असतात आणि त्यांतल्या कितीतरी निव्वळ न जुळणाऱ्या आकड्यांच्या असतात. नेहमीचे कारण म्हणजे चलनावरचे चुकलेले वर्ष. २०२३-२४ या आर्थिक वर्षाचा कर भरताना निर्धारण वर्ष २०२४-२५ निवडायचे असते. घाईत २०२३-२४ निवडले की पैसे सरकारजमा होतात, पण भलत्या वर्षाच्या खात्यात. एका बाजूला पैसे पडून आणि दुसऱ्या बाजूला व्याजासह मागणी उभी. चलन नवे असेल तर पोर्टलवरच चलन दुरुस्ती मागता येते. मुदत टळली असेल तर निर्धारण अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपले प्रकरण हाताळणाऱ्या आयकर अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो. अर्जात बँक शाखेचा सात आकडी बीएसआर कोड, भरल्याची तारीख आणि पाच आकडी चलन क्रमांक द्यावा. हे तिन्ही नसले तर चलन शोधता येत नाही.

दुसरे कारण टीडीएस. पगारातून किंवा बिलातून कर कापला गेला, पण कापणाऱ्याने तो भरलाच नाही किंवा चुकीच्या पॅनवर टाकला, त्यामुळे फॉर्म २६ एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसत नाही. बंद पडलेल्या कारखान्यांच्या कामगारांना हा ताप फार होतो. इथे आयकर कायदा १९६१ चे कलम २०५ लक्षात ठेवावे : जो कर उगमस्थानी कापला गेला आहे, तो पुन्हा करदात्याकडून मागता येत नाही. अशा प्रकरणांत सक्तीची वसुली करू नये, अशा सूचना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ मध्येच आपल्या अधिकाऱ्यांना दिल्या आहेत. पण मागणी आपोआप पुसली जात नाही. पगारपत्रक आणि निव्वळ रक्कम जमा झाल्याचा बँक उतारा जोडून ‘मागणी अमान्य’ असे उत्तर द्यावे आणि त्याच कागदांसह निर्धारण अधिकाऱ्याला लेखी कळवून पोच घ्यावी.

पोर्टलवरच्या उत्तराबाबत एक धोक्याची सूचना. ‘मागणी बरोबर आहे’ हा पर्याय एकदा पाठवला की नंतर तो फिरवून ‘अमान्य’ म्हणता येत नाही. कटकट नको म्हणून तो दाबणारे पुष्कळ आहेत. आधी २६ एएस, चलने आणि रिटर्न समोरासमोर ठेवावे, मगच बोट लावावे. चूक उघड दिसत असेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती अर्ज ऑनलाइन करता येतो. त्याला शुल्क नाही आणि आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते संपल्यापासून चार वर्षे मुदत आहे. रिफंड यायचा असेल तर तो जुन्या मागणीत वळवण्याआधी कलम २४५ ची सूचना येते आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. उत्तर दिले नाही तर रिफंड त्या मागणीत वळता होतो, मग ती मागणी चुकीची का असेना.

आता मागणी बरोबरच असेल तर. नोटीस बजावल्यापासून ३० दिवसांत पैसे भरायचे असतात. त्यानंतर कलम २२०(२) प्रमाणे दरमहा एक टक्का व्याज लागते. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. १,८०,००० रुपयांच्या मागणीवर महिन्याला १,८०० रुपये, तीन वर्षांत ६४,८००. शिवाय कलम २२१ खाली दंड होऊ शकतो आणि तो थकबाकीइतका जाऊ शकतो. भरताना ‘ई-पे टॅक्स’मध्ये ‘रेग्युलर असेसमेंट (४००)’ हेच शीर्ष निवडावे. तिथे थकीत मागण्यांची यादीच समोर येते आणि मागणी क्रमांक चलनाला जोडला जातो. ३०० क्रमांकाच्या स्वयंनिर्धारण शीर्षाखाली भरले की पैसे गेले आणि मागणी तशीच, असा प्रकार होतो.

एकरकमी भरणे जमत नसेल तर हप्ते मिळतात. मात्र कलम २२०(३) नुसार तो अर्ज ३० दिवसांची मुदत संपण्याआधी करायचा असतो. हीच गोष्ट लोकांना ठाऊक नसते. मुदत टळल्यावर अधिकारी ऐकून घेत नाहीत असे नाही, पण तेव्हा कायद्याचा आधार आपल्या बाजूने राहत नाही. ‘सध्या मंदी आहे, जमेल तसे भरतो’ असा अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. अर्जात प्रत्येक हप्त्याची रक्कम आणि तारीख लिहावी, सहा महिन्यांचे बँक उतारे, कर्जांची यादी आणि येणे रकमांची यादी जोडावी आणि पहिला हप्ता भरून त्याचे चलन सोबत लावावे. हळदीच्या किंवा बेदाण्याच्या व्यापाऱ्याने दरमहा सारखे हप्ते मागण्यापेक्षा हंगामात मोठा आणि इतर वेळी लहान हप्ता मागितला तर तो पाळताही येतो. पाळणे महत्त्वाचे, कारण एक हप्ता चुकला की बाकीची सगळी रक्कम त्याच दिवशी थकीत ठरते.

मागणी मान्य नसेल तर आयकर आणि जीएसटी यांत मोठा फरक आहे आणि तो न कळल्यामुळे भलेभले फसतात. आयकरात ३० दिवसांत फॉर्म ३५ वर आयुक्तांकडे अपील करता येते. शुल्क निर्धारित उत्पन्नानुसार २५०, ५०० किंवा १,००० रुपये. पण अपील केले म्हणून वसुली थांबत नाही. त्यासाठी निर्धारण अधिकाऱ्याकडे कलम २२०(६) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार वादग्रस्त मागणीच्या २० टक्के रक्कम भरली तर साधारणपणे स्थगिती मिळते. त्याहून कमी भरायचे असेल तर कारणे पटवावी लागतात आणि अधिकाऱ्याने नाकारले तर वरच्या आयुक्तांकडे जाता येते. ‘अपील टाकले आहे’ म्हणून निर्धास्त बसलेल्याचेच खाते गोठते ते यामुळे.

जीएसटीत उलट आहे. आदेश कळल्यापासून तीन महिन्यांत, आणि पुरेसे कारण दाखवले तर आणखी एका महिन्यात, अपील करायचे. मान्य असलेला कर पूर्ण आणि वादातल्या कराच्या दहा टक्के भरले की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच थांबते. वेगळी स्थगिती मागावी लागत नाही. पण चार महिने उलटले की अपील अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. जीएसटीचे आदेश पोर्टलवर ‘ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ या कोपऱ्यात पडतात. रोज रिटर्न भरणारा मुनीमही तिकडे फिरकत नाही. महिन्यातून एकदा तो कोपरा उघडून बघायचा नेम ठेवावा. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये जास्त विक्री दाखवून ३ बी या कर भरायच्या रिटर्नमध्ये कर कमी भरला तर फॉर्म डीआरसी-०१बी येतो. त्याला सात दिवसांत उत्तर द्यायचे असते. स्वतःच जाहीर केलेला हा कर कारणे दाखवा नोटीस न काढताही वसूल करता येतो.

जीएसटीचे हप्ते डीआरसी-२० या फॉर्मवर मागतात. जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते, व्याजासह. रक्कम २५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर हप्ते नाहीत आणि स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवलेल्या कराला तर मुळीच नाहीत. ही सवलत आदेशाने निघालेल्या मागणीपुरती आहे. इथेही एक हप्ता चुकला की सगळे एकदम देय.

इतके होऊनही खाते गोठलेच तर पहिल्या दिवशी काय करावे? बँकेच्या मॅनेजरशी वाद घालून उपयोग नाही, त्याला आदेश पाळावाच लागतो. त्याच्याकडून आदेशाची प्रत घ्यावी. आयकराचा असेल तर कलम २२६(३) चा उल्लेख असेल, जीएसटीचा असेल तर सहसा फॉर्म डीआरसी-१३. कोणते वर्ष, किती रक्कम, कोणता अधिकारी, हे त्यावरूनच कळते. मग तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, खाते संयुक्त आहे का. कायदा संयुक्त खातेदारांचे वाटे समान गृहीत धरतो, पण उलट सिद्ध करता येते. पत्नीच्या पेन्शनचे पैसे त्या खात्यात येत असतील तर पेन्शनचा आदेश आणि उतारा देऊन तेवढी रक्कम सोडवून घेता येते. दुसरी, ते कॅश क्रेडिट खाते आहे का. तिथे बँक व्यापाऱ्याचे देणे लागत नसते, व्यापारीच बँकेचे देणे लागतो. अशा खात्यावर टाच आणता येत नाही, असे अनेक उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. तिसरी, अपील, दुरुस्ती अर्ज किंवा स्थगितीचा अर्ज प्रलंबित होता का. असेल तर त्याच्या पोचपावतीसह त्याच दिवशी अधिकाऱ्याला पत्र द्यावे, काही रक्कम भरून खाते मोकळे करण्याची विनंती करावी. आदेश बहुधा ठरावीक रकमेचा असतो. खात्यात त्याहून जास्त शिल्लक असेल तर वरची रक्कम अडवून ठेवायचे कारण नाही, हे बँकेला लेखी कळवावे.

बँकेसारखीच नोटीस तुमच्या गिऱ्हाईकालाही जाऊ शकते : ‘अमक्याचे देणे असेल ते आम्हाला भरा.’ अशी नोटीस मिळालेल्या अडत्याने ती बाजूला टाकू नये. देणे नसेल तर तसे शपथेवर कळवता येते. काहीच न कळवता त्या व्यापाऱ्याला पैसे देऊन टाकले तर तेवढी रक्कम स्वतःच्या अंगावर येऊ शकते.

प्रकरण करवसुली अधिकाऱ्याकडे गेले की १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग स्थावर-जंगम जप्तीचा रस्ता खुला होतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतो तो याच टप्प्यावर. मात्र दिवाणी कायद्यात जप्तीपासून सुटलेल्या वस्तू इथेही सुटतात : शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे, तो स्वतः राहतो ते घर, कारागिराची हत्यारे. पैसे भरून झाल्यावर बोजा आपोआप उतरत नाही. विभागाचे मुक्ततेचे पत्र घेऊन तलाठ्याकडे फेरफार घालून घ्यावा लागतो. हे राहून गेले की दहा वर्षांनी कर्ज काढताना किंवा वाटणी करताना अडते.

या टप्प्यावर जमीन किंवा फ्लॅट घाईघाईने मुलाच्या, बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याचा सल्ला चावडीवर हमखास मिळतो. तो घेऊ नये. आयकराची कार्यवाही चालू असताना, पुरेसा मोबदला न घेता आणि अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता केलेले हस्तांतर कलम २८१ खाली कराच्या दाव्यापुरते रद्दबातल ठरते. जीएसटीत कलम ८१ तेच सांगते. मुद्रांक शुल्क वाया जाते आणि हप्ते मागायला जाताना तोंड उरत नाही. वडिलांच्या पश्चात त्यांच्या नावची नोटीस आली म्हणून घाबरून स्वतःचे दागिने विकणारे वारसही असतात. कलम १५९ प्रमाणे वारसाची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेइतकीच असते. मृत्यूचा दाखला देऊन पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी आणि वारसाहक्काने काय मिळाले त्याची यादी द्यावी.

मी दिलेली आयकराची कलमे १९६१ च्या कायद्याची आहेत. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. नोटिशीवर कोणत्या कायद्याचे कलम आहे ते बघूनच अर्जात क्रमांक लिहावा.

पालिकेच्या घरपट्टीबद्दल थोडेच. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका असो की सातारा, कऱ्हाडच्या नगरपालिका, थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. म्हणजे लाखाला वर्षाला २४,०००. जीएसटीचे व्याज १८ टक्के, आयकराचे १२. हाताशी पैसे थोडे असतील आणि कुठलीच जप्ती दारात नसेल तर आधी घरपट्टी मिटवावी हा साधा हिशेब आहे, पण लोक नेमकी तीच शेवटी ठेवतात.

‘अभय योजना येईलच’ हा आणखी एक समज. योजना येतात हे खरे. पण २०२४ ची आयकराची विवाद से विश्वास योजना २२ जुलै २०२४ रोजी ज्यांचे अपील किंवा याचिका प्रलंबित होती त्यांच्यासाठी होती. अपीलच न करता गप्प बसलेल्याला तिचा उपयोग शून्य. जीएसटीत २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या, फसवणुकीचा आरोप नसलेल्या मागण्यांवरचे व्याज व दंड माफ करून घ्यायला मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरायचा होता. अगदी लहान, जुन्या आयकर मागण्या मात्र सरकारने २०२४ मध्ये स्वतःहून माफ केल्या : २००९-१० पर्यंतच्या वर्षांच्या प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १०,००० पर्यंतच्या, एका करदात्याला एकूण एक लाखाच्या मर्यादेत. आपली जुनी मागणी त्यात पुसली गेली का, हे पोर्टलवर दिसते.

शेवटी दोन मागण्या, एक विभागांकडे आणि एक बँकांकडे. बँकेला पाठवलेल्या टाचेच्या आदेशाची प्रत करदात्यालाही पाठवायची असते. ती त्याच दिवशी, चालू मोबाईलवर संदेश देऊन आणि मराठीत चार ओळी लिहून पाठवावी. ‘कोणत्या वर्षाचे, किती, कोणाला भेटायचे’ एवढे त्यात असले तरी पुरे. आणि जिल्ह्यातल्या बँका व पतसंस्थांनी आदेशाची प्रत मागणाऱ्या खातेदाराला ‘वरून विचारून सांगतो’ म्हणून आठवडाभर हेलपाटे घालायला लावू नयेत. प्रत मिळेपर्यंत त्याला कुठल्या कार्यालयात जायचे हेसुद्धा माहीत नसते.

आपला,
एक करसल्लागार,
विश्रामबाग, सांगली